मुलीचा बाप रुसला

नोकरीच्या शेवटच्या दिवशी नागपूरच्या कचेरीतल्या मंडळींनी मला एक आरामखुर्ची दिली. सागवानी, वेतानं विणलेली, पाय पसरायला पुढे ओढता येणाऱ्या दांड्यांची. हार झाले, पेढे झाले, आमच्या गोऱ्या साहेबानं त्याच्या मराठीत दोन वाक्यं बोलून सगळ्यांना घाम फोडला. मग मला आग्रहानं त्या खुर्चीत बसवलं. टाळ्या वाजल्या, आणि त्या थांबायच्या आत मला दिसलं की उजव्या दांडीचा खिळा सैल आहे आणि दांडी मागे ढकलताना बोट सापडायची तिथे उत्तम सोय आहे. मी तसं सांगितलं. निरोपाला उत्तर म्हणून मी केलेलं भाषण ते एवढंच.

कारखान्यांची तपासणी हे माझं काम. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, सरकार नागपूरला. आणि आमच्या मुलखात कारखाना म्हणजे मुख्यतः जीन. कापसातली सरकी वेगळी करणारे रेचे, ते फिरवणारं इंजिन, आणि इंजिनाची ताकद सगळ्या रेच्यांपर्यंत पोचवणारा लांबलचक लोखंडी शाफ्ट. त्या शाफ्टला कठडा आहे का, पट्ट्यावर जाळी आहे का, आग लागली तर दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, बादल्यांत पाणी आहे की पानाच्या पिचकाऱ्या, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बाकीच्यांना आपली नोकरी दाखवता येते. मास्तर म्हणतो, हा पोरगा मी शिकवला. ओव्हरसिअर म्हणतो, हा पूल मी बांधला. मी काय दाखवणार? ही बाई बघा, हिचा हात जागच्या जागी आहे? बाई मारायला धावेल.

पंचावन्नाव्या वर्षी सरकारनं घरी पाठवलं तेव्हा आम्ही खामगावला बिऱ्हाड केलं. मूळचे आम्ही साखरखेर्ड्याकडचे. पण तिकडची शेती भाऊ सांभाळत होते, आणि मी तिथे रोज नांगराचे फाळ तपासत हिंडलो असतो तर त्यांनी मला विहिरीत ढकललं असतं. खामगावात आमची एकुलती एक मुलगी त्याच उन्हाळ्यात दिलेली होती. शिवाय खामगावात जीन होते. हे दुसरं कारण मी बायकोला सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं.

पुढे जे घडलं ते आमच्या नात्यागोत्यात माझ्याखेरीज सगळे सांगतात. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं होऊन पानं फिरली की कुणीतरी ती गोष्ट काढतंच, आणि तिच्यात मी दर वर्षी थोडा जास्त येडा होत जातो. तेव्हा म्हटलं आता आपणच सांगावी. येडेपणा तेवढाच राहील, पण मापात राहील.

खामगावात आलो तो पावसाळा. पावसाळ्यात जीन बंद. भोंगा नाही, पट्ट्याची फटफट नाही, गाव कसं मुकं. मी सकाळी उठून खुर्चीत बसायचो, उठायचो, परसात जायचो, विहिरीचा रहाट हलवून बघायचो, परत येऊन बसायचो. शेजारच्यांच्या झोक्याची दोरी पारखावी म्हणून तिला लटकलो. ती तुटली आणि मी आपटलो. चुलीजवळ नियमाप्रमाणे पाण्याची बादली ठेवली, ती बायकोच्या पायानं लवंडली आणि चूल विझली. बाजारात तेल्याच्या घाण्याशी उभा राहायचो, तर बैलाच्या डोळ्यांवर बांधायचं झापड हातात घेऊन तेली माझ्याकडे असा बघायचा की ते नेमकं कुणाला बांधावं याचा तो विचार करतोय. बंद जीनांच्या फाटकांवरून फेऱ्या व्हायच्या. पूर्वी ज्या चौकीदारानं मला लांबून बघून आत धूम ठोकलेली, तोच आता बाकावरून न उठता विचारायचा, काय हो, कापूस आनला का?

मला बसवत नव्हतं. साधी गोष्ट, बसणं. लहान लेकरालाही जमतं. पण कानात सतत काहीतरी फिरत असल्यासारखं वाटायचं आणि ते कुठेतरी उघडं आहे असं वाटायचं.

बायकोनं एक दिवस सांगून टाकलं. "हे घर हाय. इथं नोटीस लागत नसते."

आश्विन लागला आणि व्याही टांग्यातून आमंत्रणाला आले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आमचे इवाई म्हणजे भरदार माणूस. हसले की टांग्याचं घोडं कान टवकारायचं. गावाच्या टोकाला, रेल्वेलाइनीच्या अलीकडे, त्यांचं जीन. माणूस मनाचा मोठा, दिलेल्या शब्दाचा, फक्त कठड्याचं नाव काढू नये. सोयरीक व्हायच्या आधी मी त्यांच्या जीनाला शाफ्टच्या गल्लीत कठडा घालायचं लिहून दिलं होतं. पुढच्या फेरीला बघतो तर बांबू बांधलेले होते. सोयरीक ठरली तसं ते जीन मी रीतसर दुसऱ्या इन्स्पेक्टरकडे सोपवलं. लग्नात इवायांच्या दारच्या मांडवाखाली बसलो, तर मांडवाचे बांबू मला ओळखीचे वाटले.

आमंत्रण खंडेनवमीचं होतं. त्या दिवशी घरोघरी हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, दुकानदार तराजू, आणि जीनवाले इंजिन आणि शाफ्ट. पूजा होऊन सीझनचा पहिला कापूस रेच्यावर पडतो. हे मला ठाऊक होतं, कित्येक ठिकाणचा प्रसाद मी खाल्लेला. पण इवाई निघता निघता अभिमानानं म्हणाले की त्यांच्याकडची रीत निराळी आहे. बाकीचे थंड्या लोखंडाला कुंकू लावतात. त्यांच्याकडे इंजिन सुरू करून, शाफ्ट फिरता ठेवून, घरची सून गल्लीत जाते आणि फिरत्या शाफ्टला हळदकुंकू लावते. त्यांच्या आईनं लावलं, त्यांच्या बायकोनं लावलं, यंदा मान आमच्या मुलीचा.

मी म्हटलं, "फिरत्या?"

"झोपलेल्या देवीले कुकू लावत असतेत का कोनी?" असं म्हणून ते हसले, आणि घोड्यानं कान टवकारले.

जरा समजावून सांगायला हवं. फिरता शाफ्ट डोळ्याला फिरताना दिसत नाही, खरी गोम तीच आहे. दाते नाहीत, आरे नाहीत. गुळगुळीत गोल लोखंड, जणू कुणी भिंतीला टेकवून ठेवलेला बांबूच. माणूस बेसावध होतो. कपड्याचं टोक नुसतं टेकायचा अवकाश, ते गुंडाळलं जातं, आणि पुढचं इंजिन थांबेपर्यंत कुणाच्याच हातात नसतं. जीनातल्या बाया हे जाणतात. त्या पदर कमरेला घट्ट खोचतात, डोक्याला फडकं बांधतात. पण आमच्या मुलीला पदर खोचता येणार नव्हता. सासरे, चुलतसासरे, मोठे दीर समोर उभे. नव्या सुनेचा पदर डोक्यावरून, आणि पुढे वाकलं की सुटणाराच. म्हणजे आख्ख्या जीनात ज्या एकाच बाईनं पदर सैल सोडून जायचं, तिलाच गल्लीत सगळ्यांत आत पाठवायची रीत.

इवायांचा टांगा वळला न वळला तोच बायकोनं मला खुर्चीत बसवलं. तिलाही धडकी भरली होती, ते मला दिसत होतं. पण तिची धडकी वेगळ्या हिशेबाची. तिच्या दोन बहिणींचं सासर तिनं बघितलेलं.

"तुमी तिथं तोंड उघडू नका," ती म्हणाली. "पोरगी नवी हाय त्या घरात. तुमी जे बोलान ते तिच्या ताटात वाढल्या जाईन. रोज. वरण-भातासंगं."

मी म्हटलं, आणि नाही बोललो तर? ती उठून आत गेली आणि कितीतरी वेळ एकच भांडं घासत राहिली.

मधल्या दिवसांत मी माझ्या परीनं खटपट केली. सरकारी माणूस, आधी समजुतीची नोटीस देणार. इवायांकडे सहज गेल्यासारखा गेलो, हवापाण्याचं बोललो, कापसाच्या पिकाचं बोललो, आणि मग हळूच म्हटलं की पूजेपुरतं इंजिन बंद ठेवलं तर निदान बोलणं ऐकू तरी येईल. ते म्हणाले, "इवाईबुवा, आमच्या मायनं केलं, घरच्यायनं केलं, कोनाले काई झालं?" हे वाक्य मी नोकरीभर प्रत्येक जीनात ऐकलेलं. त्याला माझ्याकडे एक कागदी उत्तर असायचं, आणि त्याखाली सही करायचा अधिकार. आता नुसतं उत्तर उरलं होतं. जावयाला गाठलं. मुलगा गुणी आहे, त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाला की बाबांसमोर मी कसा बोलू. नागपूरच्या जुन्या कचेरीला कळवावं असंही मनात येऊन गेलं. पण मुलीच्या सासरी सरकार पाठवणाऱ्या बापाला पुढे त्या दारात पाणी तरी कोण देईल.

नवमी उजाडली. मी मुकाट्यानं टोपी घातली. बायकोनं टांग्यात बसायच्या आधी माझ्याकडून तोंड न उघडण्याची शपथ घेतली, मुलीच्या गळ्याची. मी म्हटलं, त्याच गळ्यासाठी तर. ती म्हणाली, शपथ घ्या. मी घेतली.

जीन सजलं होतं. आंब्याच्या पानांची तोरणं, झेंडूच्या माळा. आगीच्या बादल्यांवर नारळ ठेवून त्यांचे कलश केले होते. त्या निमित्तानं का होईना, पाणी भरलेलं होतं. शाफ्टच्या गल्लीच्या तोंडाशी रांगोळी. गल्ली म्हणजे रेच्यांच्या मागचा अरुंद बोळ, दोन माणसं शेजारी चालली तर खांदे घासतील एवढा. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला मांडीच्या उंचीवर शाफ्ट. जीनातल्या बाया नवी लुगडी नेसून एका बाजूला गोळा झाल्या होत्या. सवयीनं सगळ्यांचे पदर खोचलेले. मला मानाच्या जागी बसवलं, पान दिलं, माझ्या हातून नारळ फोडवला. तो एका घावात फुटला म्हणून इवाई खूश.

इंजिन सुरू झालं. जमिनीतून पायात ते घरघरणं चढलं आणि खरं सांगतो, मला एक क्षण बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. मग पट्टा शाफ्टवर चढवला, आणि शाफ्ट फिरायला लागला, म्हणजे दिसायला थांबलेलाच.

मुलगी पुढे आली. जरीचं हिरवं लुगडं, हातात ताट, डोक्यावरून पदर. इंजिनाच्या वाऱ्यानं त्या पदराचं टोक हलत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिला माहीत होतं. माझ्याच घरात वाढलेली पोर. लहानपणी बाहुलीला सुद्धा पदर खोचायला लावायची. आणि तरी ती निघाली, कारण त्या घरात तिला राहायचं होतं.

मी उठलो. काय करणार हे माझं मला माहीत नव्हतं. तोंड उघडायचं नाही अशी शपथ. आडवा हात करून त्यांच्या सुनेला अडवावं तर भर पूजेत ते भलतंच दिसलं असतं. मी रांगोळी ओलांडून गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि उंबऱ्यात मांडी घालून बसलो. बोळ अरुंद, मी बऱ्यापैकी रुंद. जागा बंद झाली.

इवाई वाकले. इंजिनाच्या आवाजात त्यांना ओरडून विचारावं लागलं. "काय झालं इवाईबुवा? भोवळ आली काय?"

हो म्हटलं असतं तर पाणी पाजून बाजूला बसवलं असतं आणि पूजा झाली असती. मी मान हलवली. आणि शपथ मोडून एकच शब्द बोललो.

"रुसलो."

लग्नात रुसायचा मान मुलाकडच्यांचा. वरमाय रुसते, नवरदेव रुसतो, नवरदेवाचा मावसमामा सुद्धा रुसतो, आणि काय हवं ते दिल्याशिवाय उठत नाही. रुसलेल्या माणसाला विचारावंच लागतं. त्याला तसाच सोडून पुढे जाता येत नाही, अपशकुन होतो. पण मुलीचा बाप रुसल्याचं वऱ्हाडात कुणी ऐकलं नव्हतं. मुलीचा बाप म्हणजे दोन हात जोडून उभा. बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "पोरीचा बाप रुसला वं माय. पाहून घ्या, हे बी पाह्याचं राह्यलं होतं." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसायला त्यांना खोचलेले पदर सोडावे लागले, हेही माझ्या नजरेनं टिपलं. खोड जात नाही.

इवायांचा चेहरा आधी हसरा होता, मग लाल झाला. चारचौघांत, भावाबंदांत, त्यांच्या आईच्या वेळेपासूनच्या पूजेत. पण रीत त्यांचीही होती. शेवटी त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं प्रेमाचं नव्हतं.

"काय पाह्यजे तुमाले?"

"इंजिन बंद करा. शाफ्ट थांबला का उठतो."

विहीणबाई मागून म्हणाल्या की देवी झोपेल, सीझन झोपेल. इवाई माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे मला उचलायला सांगतात. मग त्यांनी इंजिनवाल्याकडे हात केला.

शाफ्ट लगेच थांबत नसतो. तो थांबेपर्यंत मी बसून होतो आणि सगळं जीन माझ्याकडे बघत उभं होतं. एवढ्या माणसांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं, निरोप समारंभातही. थांबल्यावर उठायला गेलो तर गुडघे धरलेले; जावयानं एका बाजूनं आणि त्या म्हातारीनं दुसऱ्या बाजूनं धरून मला उभं केलं.

मुलगी गल्लीत गेली. झेंडूची माळ घातली, हळद लावली, कुंकू लावायला वाकली आणि तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. त्याचं जरीचं टोक सरळ शाफ्टवर पडलं. लोखंडावर थोडा वेळ ते तसंच राहिलं, दोरीवर वाळत घातल्यासारखं. मग तिनं ते उचललं आणि पुन्हा डोक्यावर घेतलं. हे सगळ्यांनी बघितलं. इवायांनी बघितलं. विहीणबाई आरती म्हणायला लागल्या, जरा जोरात.

परतताना टांग्यात बायको घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "वाढून आले ना ताटात."

आता माझी अस्वस्थता पूर्वीसारखी मोकाट राहिली नाही, तिला पत्ता मिळाला. मुलगी दिवाळीला येणार का? पहिली दिवाळी, दिवाळसण; जावयासकट मुलीला माहेरी पाठवायची रीत, आणि माहेर तीन गल्ल्यांवर. पाठवली नाही तर सगळ्या गावाला कळणार की त्या घरानं आमच्याशी तोडलं. शिवाय विहीणबाईंचा तो शब्द, की सीझन झोपेल. म्हणजे त्या जीनात काहीही बिघडलं असतं, पट्टा तुटला असता, कापूस भिजला असता, तर ते आमच्या मुलीच्या नावावर. आयुष्यभर मी अपघात टळावा म्हणून धडपडलो, तो कामगारांसाठी. आता एका जीनात साधा पट्टासुद्धा तुटू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले.

सकाळी त्यांचा भोंगा झाला की मी खुर्चीत ताठ. इंजिनाचा आवाज घरापर्यंत यायचा, वारा तिकडचा असला की. तो चालू आहे तोवर मी घास गिळायचो. एकदा ऐन दुपारी बंद पडला. मी अर्धी भाकरी हातात घेऊन निघालो ते फाटकापाशीच पोचलो. चौकीदार म्हणाला, पट्ट्याचा सांधा सुटला, घालून राह्यले. मी विचारलं, कुणाला लागलं? नाही. घरात कुणी काही बोललं? आता चौकीदाराला हे काय विचारायचं. पण त्यानं मात्र माझ्या हातातल्या भाकरीकडे बघून बाकावर सरकून जागा दिली. सांधा बसला, इंजिन लागलं, मी भाकरी संपवली आणि घरी आलो.

आतली बातमी भाजीवालीकडून यायची. तिची जाऊ त्याच जीनात रेच्यावर होती. तिच्याकडून कळलं की सांधा सुटला त्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, झोपली देवी. आणि हेही कळलं की मुलीला आता त्या घरात नवं नाव पडलंय. रुसक्याची लेक. पाणी आण वं, रुसक्याची लेक. बायकोनं भाजी न घेताच दार लावलं.

धनत्रयोदशी गेली, पाडवा गेला. करंज्या डब्यात तशाच. भाऊबीजही गेली. मी खुर्चीच्या उजव्या दांडीचा खिळा काढून पुन्हा ठोकला, पुन्हा काढला.

मग एका सकाळी दारात टांगा थांबला आणि इवाई स्वतः उतरले. मागून जावई, मुलगी, हातात फराळाची टोपली. जीनात माल फार, उशीर झाला, असं काहीतरी ते म्हणाले. मी खरं मानायचं ठरवलं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आज काई रुसवा-फुगवा नाई ना? नाईतर घोडं सोडाले सांगतो, वेळ लागंन." घोड्यानं या वेळी कान टवकारले नाहीत, इवाई पुरेसं हसलेच नव्हते. पण बसले, चहा घेतला, आणि माझ्या आरामखुर्चीत बसून उजवी दांडी मागे ढकलली. बोट सापडलं नाही. मी ती नीट केली होती.

जेवणं झाल्यावर मुलगी परसात रहाटापाशी आली. मी आधीच तिथे होतो. विचारलं, फार त्रास झाला का गं.

ती म्हणाली, "सासूबाई रुसक्याची लेक म्हणतात."

"मग?"

"मग काही नाही. आहेच मी." तिनं रहाटाची दोरी उगाच हातात धरली. "त्या दिवसापासून गल्लीत कुणीच पदर सोडून जात नाही. सासूबाईसुद्धा. पण बाबा, जीनातल्या बाया म्हणतात, तुझा बाप लेकीसाठी रुसला. त्याले सांगजो, एखाद्या वर्षी आमच्यासाठीही रुसाले ये म्हना."

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते विचारू नका. रहाट, घाणा, झोके, फाटकं. सवय तीच, फक्त आता एक दिवस ठरलेला होता आणि त्या दिवशी काय मागायचं ते ठरलेलं होतं. खुर्चीत बसून मी मनातल्या मनात वाक्य जुळवायचो. सरकारी नमुन्यातलं निघायचं, ते खोडायचो.

नवमीला गेलो तर इंजिन आधीच बंद. इवायांनी आपण होऊन बंद ठेवलं होतं. आणि गल्लीच्या तोंडाशी, रांगोळीच्या बाजूला, एक लाकडी खुर्ची मांडलेली, तिला झेंडूची माळ. मला रुसायला. बाया आधीपासून हसत होत्या. इवाई या वेळी पोटभर हसले; बाहेरच्या घोड्यांचं मला माहीत नाही. त्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला, हात धरून खुर्चीत बसवलं आणि भावाबंदांकडे बघत मोठ्यांदा विचारलं, "बोला इवाईबुवा, काय पाह्यजे?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. इंजिन बंद करा. इंजिन बंदच होतं. म्हणजे माझ्या रुसव्याची रीत झाली होती, पूजेआधीचा एक गमतीचा विधी. त्यात मी बसून उठायचं आणि नारळ फोडायचा. उद्यापासून शाफ्ट तसाच उघडा फिरणार. मला ते फेट्याखाली एकदम टोचलं.

मुलगी ताट घेऊन उभी होती. पदर डोक्यावरून, पण त्याचं टोक तिनं पुढे घेऊन कमरेला खोचलं होतं. या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं.

"कठडा," मी म्हणालो. "सगळ्या गल्लीले. लाकडी, पक्का. बांबू नाई."

हसणं थांबलं. इवाई म्हणाले, "इवाईबुवा, तुमी रुसून राह्यले का नोटीस देऊन राह्यले?"

"रुसलो. सुतार येईपर्यंत उठत नाई."

बाया माझ्याकडे बघत नव्हत्या, इवायांकडे बघत होत्या. मग विहीणबाई पुढे आल्या. माझ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की माझा फेटा सैल झाला. पण बोलल्या त्या नवऱ्याशी.

"रुसल्या मानसाले नाई म्हनत नसतेत. सनासुदीचं. देऊन टाका अन् सुटा."

इवायांनी चौकीदाराला सुताराकडे पिटाळलं. सण असल्यामुळे सुतार घरी सापडेना, आपट्याची पानं आणायला गेला होता म्हणे. पूजा उरकली, मंडळी जेवायला गेली. माझं ताट बायकोनं तिथेच आणलं. ती खाली बसली, मी खुर्चीत, कारण उठायचं नव्हतं. वरण-भातावर तिनं तूप दोनदा वाढलं.

जीनात शुकशुकाट झाला. शाफ्ट माझ्या डाव्या हाताला, माळ घालून गप्प पडलेला. सुताराची वाट बघत मी जरा मागे रेललो, आणि माझ्या लक्षात आलं की ह्या खुर्चीचा मागचा एक पाय लचकतोय. बसणारा माणूस माझ्यापेक्षा वजनदार असला तर हमखास पडणार. मी बायकोला काही बोललो नाही. सुतार येतच होता.